अडीच वर्षांची उस्तानी

युनानी वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाने पुढे काय करावे? आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न रात्रीच्या जेवणानंतर निघतो आणि उत्तर न सापडताच सगळे झोपायला जातात. उर्दू शाळेत शिकवत असल्यामुळे आमच्यापुढे तो दर वर्षी उभा राहतो. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेल्या मुलाला बी.यू.एम.एस.ची पुस्तके आपली वाटतात. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये, मुंबईला वर्सोव्यात, मालेगावच्या मन्सुऱ्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यात युनानी महाविद्यालये आहेत. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्षाची इंटर्नशिप, आणि मुलगा डॉक्टर होऊन मोहल्ल्यात परततो.

पण परततो तो खालमानेनेच. एमबीबीएसचे गुण हुकले म्हणून इकडे आलो, ही सल त्याच्या मनातून जात नाही. दवाखान्याच्या पाटीवर 'डॉ.' ही अक्षरे हातभर असतात आणि 'बी.यू.एम.एस.' मुंगीएवढे. 'युनानी' हा शब्द तर पुष्कळ पाट्यांवर नसतोच. पोटासाठी मग कोणी मोठ्या इस्पितळात रातपाळीचा निवासी डॉक्टर होतो, तर कोणी दिवसभर सुया टोचत बसतो. साडेचार वर्षे जे शिकला ते ट्रंकेत जाते.

आमच्या घरीही हीच गोष्ट घडायची होती. ती घडली नाही, याचे श्रेय कुठल्या करिअर मार्गदर्शन शिबिराला नाही. ते आमच्या अडीच वर्षांच्या मुलीला आहे. घरात तिला आम्ही मुन्नी म्हणतो. तिचे अब्बू युनानी डॉक्टर आहेत.

आम्ही राहतो कोराडीला. नागपूरकरांना कोराडी म्हटले की महालक्ष्मी जगदंबेचे देऊळ आठवते आणि वीज केंद्राच्या चिमण्या. १९७४ पासून इथे वीज तयार होते. आता सहाशे साठ मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. कामगार, ठेकेदाराची माणसे, ट्रक ड्रायव्हर, देवळाबाहेर नारळ-ओटी विकणारे, असा सगळा राबणारा गाव. महादुल्याच्या बाजूला एका शटरच्या खोलीत मुन्नीच्या अब्बूंनी मतब उघडला तेव्हा मुन्नी सहा महिन्यांची होती. मतब संध्याकाळी सहा ते दहा. आमची शाळा कामठीला, सकाळची. सासूबाई थोरल्या दिरांकडे. तेव्हा दुपारपर्यंत मुलीला सांभाळायचे कोणी, याला एकच उत्तर होते.

मोहल्ल्याने यावर बोलायचे ते बोलून घेतले. "डॉक्टर घर में, मास्टरनी बाहर," असे आमच्या कानावर घालण्यात आले. एका नातेवाइकाने तर, दवाखाना चालत नाही म्हणून बालवाडी उघडली का, असे तोंडावर विचारले. मुन्नीचे अब्बू ऐकून घेत. त्या दोन वर्षांत घरात बसून ते जे शिकले ते हकिमीचेच शिक्षण होते, असे आज आम्हा दोघांचेही मत आहे. आपल्या तरुण हकिमांच्या उपयोगी पडेल म्हणून ते इथे मांडतो.

पहिला धडा बोलता न येणाऱ्याचे ऐकण्याचा. वर्षाचे मूल रडते तेव्हा कान दुखतो की पोट, झोप आली की दात येतोय, हे ते सांगू शकत नाही. बघणाऱ्याने ओळखायचे. ते कसे बसले आहे, जीभ कोरडी आहे का, सकाळपासून लघवी किती वेळा झाली, शी कशी झाली, खेळणे पुढे केले तर हात पुढे येतो का. मुन्नीचे अब्बू एकदा म्हणाले, "नब्ज, बौल, बराज हे तीन शब्द मी कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केले. त्यांचा उपयोग मला हिच्या दुपट्यांनी शिकवला." नाडी, लघवी आणि शौच यांची परीक्षा हे युनानी निदानाचे जुने पाये आहेत. प्रत्येक आई त्यातले निम्मे नकळत करत असते.

आता मतबात येणारा ठेकेदारीवरचा कामगार घ्या. "अंग लई दुखते डॉक्टर, एक सुई मारून द्या," एवढेच तो बोलतो. त्याला बोलता येते, पण दुखण्याबद्दल बोलायला त्याच्यापाशी शब्द दोनच. इथेही बघावे लागते. रातपाळी करून आलेला माणूस किती तास झोपला? मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसवर असताना दिवसभरात पाणी किती प्याला? लघवीचा रंग काय? जेवण कधी आणि चहा किती? याला दहा मिनिटे लागतात. मोठ्या दवाखान्यात रांग असते, तिथल्या डॉक्टरपाशी ही दहा मिनिटे नसतात. नव्या हकिमापाशी दुसरे काही नसले तरी वेळ असतो. तोच त्याचा धंद्यातला पहिला ऐवज आहे. तो रिकामपण समजून मोबाइलवर घालवू नये.

दुसरा धडा आधी दिनचर्या, मग दवा हा. युनानी तिबमध्ये 'अस्बाब-ए-सित्ता जरूरिया' म्हणजे जगायला लागणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, शरीरातून बाहेर टाकणे आणि राखणे. आमच्याकडे हा धडा रोज दुपारी घडत असे. दुपारची झोप हुकली की संध्याकाळचे जेवण बिघडे, जेवण बिघडले की सकाळी पोट साफ होत नसे, पोट साफ नाही की दिवसभर किरकिर. त्या किरकिरीवर औषध देऊन काय होणार? झोपेची वेळ सांभाळली की साखळी आपोआप सुटे.

इब्न सिनाचा 'अल कानून फित्तिब' १०२५ च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात लहान मुलांच्या संगोपनावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. बाळाला हलके झुलवावे, गाणे ऐकवावे, मुलाला राग, भीती आणि दुःख यांच्या अतिरेकापासून जपावे, असे हा हकीम सांगतो. सहाव्या वर्षी मूल शिक्षकाकडे सोपवावे आणि तेही हळूहळू, पुस्तकाला एकदम जखडू नये, हेही त्याने लिहून ठेवले आहे. आम्ही मास्तर लोकांनी तर ते फळ्यावरच लिहावे. वैद्यकाच्या इतक्या मोठ्या ग्रंथात अंगाईला जागा मिळते, कारण त्या वैद्यकात मनही शरीराइतकेच मोजले जाते.

खाण्याच्या बाबतीत मुन्नीने आणखी एक गोष्ट शिकवली. "खा" म्हटले की तोंड घट्ट मिटते. "खिचडी की दलिया?" असे विचारले की ती ऐटीत दलियाकडे बोट दाखवते. अब्बूंनी हे मतबात नेले. मधुमेहाच्या रोग्याला साखर बंद, भात बंद, गोश्त बंद अशी यादी दिली तर तो दुकानाबाहेर पडताच यादी चुरगाळतो. त्याऐवजी, "चहा पाच पिता ना, तीन बिनसाखरेचे कराल की दोनच प्याल?" असे विचारले तर तो विचारात पडतो, आणि स्वतः निवडलेले बहुधा पाळतो. एक बदल टिकला की दुसरा. चालू असलेली गोळी आपल्या मनाने सोडायची नाही आणि रक्त तपासत राहायचे, हे त्याला दर वेळी सांगितले जाते. 'इलाज बिल गिजा', म्हणजे आहाराने उपचार, हे पुस्तकातले नाव झाले. अमलात आणायला अडीच वर्षांच्या मुलाचा हट्ट हाताळल्याचा अनुभव लागतो.

तिसरा धडा भाषेचा. मुन्नी दादीकडे 'पानी' मागते आणि शेजारच्या काकूंकडे 'पाणी'. तिला कोणी व्याकरण शिकवलेले नाही. समोरच्याला कळेल ते बोलायचे, एवढे तिला ठाऊक आहे. आपले तरुण डॉक्टर मात्र रोग्याशी बोलताना अडखळतात, कारण त्यांचे पुस्तक उर्दूत, शब्द अरबीतले आणि रोगी वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा. सफरा म्हणजे पित्त, बलगम म्हणजे कफ, मिजाज म्हणजे प्रकृती, हे सांगितले की काकूही लगेच बोलू लागतात, कारण हे शब्द त्यांच्या आजीपासून घरात आहेत. युनानी ही फक्त मुसलमानांची दवा आहे, हा गैरसमज मराठी बोलणारा हकीमच दूर करू शकतो. आज या मतबाच्या रजिस्टरात सगळ्या आडनावांची माणसे आहेत. त्यामुळे उर्दू शाळेत शिकणाऱ्या, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही सांगतो की मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसू नकोस.

चौथा धडा हद्द ओळखण्याचा, आणि तो सगळ्यांत कठीण.

गेल्या पावसाळ्यात मुन्नीला खोकला झाला, मग ताप चढला. रात्री ती एकाएकी शांत झाली. रडेना, पाणी घेईना. अब्बूंनी तिचा झबला वर केला, घड्याळ समोर धरले आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. चोपन्न. पुन्हा मोजले, तेवढेच. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त वेळा होत असेल तर तो जलद समजावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. शिवाय श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. काढा, चाटण, छातीला तेल यांपैकी कशाचेही नाव न काढता त्यांनी मुलीला उचलले आणि आम्ही पावसात नागपूर गाठले. न्यूमोनिया होता. तीन दिवस इस्पितळात राहावे लागले, पहिल्या रात्री ऑक्सिजन लावला.

किती वाजता किती श्वास, ताप किती, लघवी शेवटची केव्हा, हे सगळे अब्बूंनी एका कागदावर लिहून नेले होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागद वाचून विचारले, "तुम्ही काय करता?" त्यांनी सांगितले, "मी युनानी हकीम आहे." इतके स्पष्ट आम्ही त्यांच्या तोंडून तेव्हा प्रथम ऐकले. एरवी ते 'प्रॅक्टिस करतो' असे म्हणून विषय बदलत.

मुन्नी बरी होऊन घरी आली आणि मोहल्ल्यात नवी चर्चा सुरू झाली. "खुद की बच्ची को तो अंग्रेजी दवाखाने ले गए!" काही दिवस मतबात माणसे कमी आली. त्यावर अब्बूंचे उत्तर ठरलेले होते: "हकिमाने रोगी वाचवायचा असतो. पॅथी वाचवायचे काम त्याला कोणी दिलेले नाही." त्यांनी रजिस्टरात एक नवा रकाना आखला, 'पुढे पाठवले'. कोणाला, कोणत्या तारखेला, कुठे आणि का. महिन्याभरात त्या रकान्यात नावे जमली, आणि गंमत अशी की पाठवलेली माणसे बरी होऊन पुन्हा मतबातच आली, घरच्या दोघातिघांना घेऊन. कुठे थांबावे हे ज्याला कळते त्याच्या हाती लोक निर्धास्तपणे हात देतात.

याच धड्यात काही बारीक गोष्टी येतात. घरात रांगते मूल आले की औषधाची प्रत्येक बाटली कुलपात जाते आणि प्रत्येक बाटलीवर नाव-तारीख येते. मतबातही तेच हवे. कागदाच्या पुडीत बिननावाची भुकटी देण्याची रीत सोडली पाहिजे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. घुट्टीचा आग्रह धरणाऱ्या आजीबाईंना हे समजावणे हकिमाचेच काम आहे, कारण त्याचेच त्या ऐकतील. धातूंचे कुश्ते लहान मुलांपासून दूरच ठेवावेत. जुलाब झाले तर आधी ओआरएस आणि झिंक. लसीकरणाचा दिवस चुकवायचा नाही. हे सांगणाऱ्या हकिमाची हकिमी याने काही कमी होत नाही.

पाचवा धडा 'क्यों?' या प्रश्नाचा. मुन्नी दिवसातून किती वेळा 'क्यों' म्हणते ते मोजणे आम्ही सोडून दिले आहे. उत्तर माहीत नसेल तर अब्बू सरळ "मालूम नहीं, ढूँढेंगे" म्हणतात. आपल्या तिबची परंपरा अशीच आहे. अबू बक्र अल राझीने देवी आणि गोवर यांतला फरक लिहून ठेवला, आणि ज्या जालिनूसला सगळे गुरू मानत त्याच्या मतांवर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथही लिहिला. हकीम अजमल खान यांनी दिल्लीत आयुर्वेद आणि युनानी एकाच छताखाली शिकवणारे कॉलेज उभे केले. १९२१ च्या फेब्रुवारीत त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. त्यांच्याच प्रोत्साहनाने सलीमुज्जमां सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या, म्हणजे युनानीतल्या असरोलच्या मुळांवर संशोधन केले आणि १९३१ मध्ये त्यातून वेगळ्या केलेल्या द्रव्याला हकीमसाहेबांच्या नावावरून 'अजमलीन' हे नाव दिले. ही माणसे 'क्यों' विचारणारी होती. त्यांचे वारस म्हणवणाऱ्यांनी भिंतीवर 'शुगर जड से खत्म' रंगवावे हे शोभत नाही. १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्याने मधुमेहासारख्या आजारांवर अशा जाहिराती करायला मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जे मुलीला खोटे सांगवत नाही ते रोग्याला का सांगावे?

सहावा आणि शेवटचा धडा वाढीचा. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले, मुन्नी चौदाव्या महिन्यात. अंगणवाडीच्या ताईंनी वजनाचा तक्ता दाखवून सांगितले, दुसऱ्याच्या मुलाशी ताडून बघू नका, तिची रेघ वर चाललीय ना, एवढे बघा. अब्बूंनी मतबाचा तसाच तक्ता केला. महिन्याला नवे रोगी किती आणि परत आलेले किती, असे दोनच आकडे. पहिल्या वर्षी दुसरा आकडा फार लहान होता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो पहिल्याच्या पुढे गेला. आम्ही स्वतः शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढली आहेत. सुरुवातीची वर्षे हात आखडून काढावी लागतात हे आमच्या घराला नवे नाही. नव्या डॉक्टरला तेवढा अवधी घरच्यांनी द्यायला हवा. आठ महिन्यांत दवाखाना चालला नाही म्हणून सुनेचे माहेर काढणे थांबवायला हवे.

मतब हा एकच रस्ता आहे असेही नाही. २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या प्रत्येक फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर असतात. अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची, जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातली दिरंगाई हुडकायची, हे त्यांचे काम. आमच्या शाळेत आलेल्या अशाच एका पथकातल्या युनानी डॉक्टरबाईंनी पाचवीतल्या एका मुलीला दूरचे दिसत नाही हे ओळखले. त्या मुलीला आम्ही सगळे 'ढ' समजत नसलो तरी गप्प समजत होतो. चष्मा लागल्यावर ती फळा वाचून दाखवू लागली. नोकरी कंत्राटी आहे, हे खरे. पण ज्याला मूल तपासता येते त्याला माणूस तपासता येतो. पुढे शिकायचे असेल तर इलाज बित्तदबीर, इल्मुल अदविया, तहफ्फुजी व समाजी तिब अशा विषयांत एम.डी. करता येते, बेंगळुरूला राष्ट्रीय युनानी संस्था आहे.

मागच्या डिसेंबरात नागपूरच्या एका इस्पितळातून अब्बूंना रातपाळीसाठी विचारणा झाली. महिन्याच्या सहा रात्री कराल तर बघा, असे त्यांनी कळवले आणि आश्चर्य म्हणजे तेवढ्यावर ते कबूल झाले. त्या सहा रात्रींतून शटरचे भाडे निघते. बाकीच्या संध्याकाळी मतब उघडा असतो. पाटी नवी केली आहे. वरच्या ओळीत मराठीत आणि उर्दूत 'युनानी दवाखाना', खाली नाव, दोन्ही सारख्याच अक्षरांत.

हल्ली मुन्नी डॉक्टर-डॉक्टर खेळते. आमच्या लहानपणी आम्ही या खेळात बाहुलीला सुई टोचत असू. ती बाहुलीचे मनगट दोन बोटांनी धरते आणि काही न बोलता बराच वेळ तशीच बसून राहते. तिने घरात जे पाहिले तेच ती करते.

या वर्षी दहावीच्या एका मुलाने वर्गाबाहेर गाठून विचारले, "मॅडम, एमबीबीएस नाही मिळाले तर बीयूएमएस करू का?" आम्ही त्याला म्हटले, "'नाही मिळाले तर' म्हणून करू नकोस. आधी घरी जा. तुझ्या बहिणीचे लहान बाळ आहे ना, त्याला एक आठवडा सांभाळ. ते रडते तेव्हा कंटाळा आला तर दुसरे काही बघ. ते का रडते हे शोधावेसे वाटले, तर ये, फॉर्म आपण मिळून भरू."